ट्युलिया, १९९९ : एका साक्षीदाराच्या शब्दावर ४६ आरोपी

टेक्सस राज्याच्या उत्तर टोकाला, अमरिलो आणि लबक या दोन शहरांच्या मधल्या सपाट माळावर स्विशर काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे. तिचे मुख्य गाव ट्युलिया. वस्ती जेमतेम पाच हजार; कापूस, गहू, ज्वारी आणि गुरांचा व्यापार यावर गाव चालते. कृष्णवर्णीय कुटुंबांतली माणसे साडेतीनशे-चारशे, म्हणजे कोण कुणाचा मेहुणा आणि कोण कुणाकडे कामाला, हे सगळ्यांना तोंडपाठ असावे एवढे छोटे गाव.

२३ जुलै १९९९ रोजी उजाडायच्या आत पोलिसांनी इथे धाड घातली. एकूण ४६ जणांवर कोकेन विकल्याचे गुन्हे लावले गेले आणि त्यांतले ३९ कृष्णवर्णीय होते. गावातल्या कृष्णवर्णीय लोकसंख्येचा सुमारे दहावा हिस्सा एका झटक्यात आरोपी झाला. उरलेल्या गोऱ्या आणि मेक्सिकन वंशाच्या आरोपींपैकी बहुतेकांचे या वस्तीशी लग्नाचे, सोबतीचे किंवा मैत्रीचे नाते होते. टीव्हीवाल्यांना आधीच कळवलेले होते. त्यामुळे झोपेतून उठवलेली, अंगावर धड कपडे नसलेली माणसे बेड्यांसह कॅमेऱ्यापुढून नेण्यात आली. ट्युलियाचे रस्ते कचऱ्यापासून मोकळे झाले, अशा अर्थाचा मथळा स्थानिक वृत्तपत्राने दिला. खटला उभा राहायचा होता, ज्यूरी बसायची होती. पण ज्यूरीत बसणारे सगळे हेच वृत्तपत्र वाचत होते.

झडतीत काय सापडले, हा पहिला प्रश्न. अमली पदार्थ नाहीत, रोकड नाही, हत्यारे नाहीत, वजनकाटे किंवा हिशेबाच्या चिठ्ठ्याही नाहीत. पाच हजारांच्या गावात ४६ विक्रेते धरले तर साधारण एकशे दहा माणसांमागे एक विक्रेता पडतो, त्यात तान्ही मुले आणि म्हातारी माणसेही आली. मग गिऱ्हाईक कोण होते, आणि धंद्याचा पैसा कुठे गेला? ज्याला मुख्य सूत्रधार ठरवले तो पन्नाशी ओलांडलेला, डुकरे पाळून पोट भरणारा गृहस्थ मोडकळीला आलेल्या घरात राहत होता. हा सगळा हिशेब करायला कायद्याचे शिक्षण लागत नव्हते, तरी धाडीच्या दिवशी गावात तो कुणी केला नाही.

पुरावा म्हणून जे होते ते एकच : टॉम कॉलमन नावाच्या साध्या वेशातल्या अधिकाऱ्याचे म्हणणे. टी. जे. डॉसन या खोट्या नावाने तो अठरा महिने गावात वावरला आणि या लोकांकडून शंभराहून अधिक वेळा माल विकत घेतल्याचे त्याने सांगितले. बहुतेक खरेदी कोकेनच्या पावडरीची, तीनेक ग्रॅमच्या पुडीची, दीडशे-दोनशे डॉलरच्या आसपास. गरीब वस्त्यांत त्या काळी चालायचे ते क्रॅक, म्हणजे कोकेनचे खडे, कारण ते दहा-वीस डॉलरला मिळत. पावडर ही पैसेवाल्यांची चीज. कॉलमनच्या जवळपास सगळ्या पुड्या पावडरीच्या होत्या, आणि तीही भेसळ करून पातळ केलेली. बचावाच्या वकिलांनी पुढे असा आरोप केला की त्याने कुठूनतरी थोडा माल आणला, त्यात भेसळ करून अनेक पुड्या बांधल्या, प्रत्येक पुडीवर एकेकाचे नाव घातले आणि सरकारी खरेदीचे पैसे खिशात टाकले. हा आरोप कोणत्याही कोर्टात स्वतंत्रपणे सिद्ध झाला नाही. मात्र तो खोडून काढण्यासाठी लागणारा एकही कागद सरकारकडे नव्हता.

बनावट गिऱ्हाईक पाठवायचे म्हणजे काय करायचे

इथे जरा थांबू, कारण प्रकरणाची नाडी इथेच आहे. आपल्याकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा कसा लागतो हे बातम्यांतून सगळ्यांना माहीत आहे. दोन सरकारी पंच बोलावतात. त्यांच्यासमोर नोटांचे नंबर लिहून घेतात, नोटांना अँथ्रासीन पावडर लावतात, तक्रारदाराची आधी झडती घेतात, पंचांपैकी एकाला त्याच्याबरोबर पाठवतात, आवाज रेकॉर्ड करतात, आणि नंतर आरोपीच्या बोटांवर अतिनील दिवा धरून पावडर चमकते का ते पाहतात. मग मुद्देमाल सील, त्यावर सह्या, आणि पंचनाम्यात प्रत्येक हालचालीची वेळ. यातले पंच अनेकदा ठरलेले असतात आणि उलटतपासणीत कोलमडतात हे खरे. पण कोलमडायला निदान कुणीतरी असते.

अमली पदार्थांच्या खरेदीतही चांगल्या पथकाची पद्धत जवळपास हीच असते. खरेदीला जाण्यापूर्वी अधिकाऱ्याची आणि त्याच्या गाडीची झडती, म्हणजे पुडी आधीपासून त्याच्याकडेच नव्हती हे पक्के होते. नोटांच्या नंबरांची नोंद. अंगावर ध्वनिमुद्रक. लांबून दुसऱ्या अधिकाऱ्याची नजर, जमल्यास छायाचित्र. परत आल्यावर लगेच पुन्हा झडती, वजन, सील, पाकिटावर तारीख-वेळ. विक्रेत्याची ओळख पटवायची तर एकच फोटो दाखवून ‘हाच का?’ असे विचारायचे नाही, सारख्या दिसणाऱ्या सहा-सात जणांचे फोटो एकत्र ठेवायचे. पुडीवरचे ठसे तपासायचे. यातली एखादी पायरी गाळली गेली तर समजून घेता येते. लहान गावात माणसे कमी असतात, पाळत ठेवणारी अनोळखी गाडी दोन मिनिटांत ओळखू येते.

कॉलमनने जवळपास सगळ्याच पायऱ्या गाळल्या होत्या. ध्वनिमुद्रण नाही, चित्रीकरण नाही, ठसे नाहीत, दुसरा साक्षीदार नाही. नोंदी कुठे ठेवायचास, असे विचारल्यावर त्याने सांगितले की पायावर किंवा अंगावर पेनाने लिहून ठेवायचो आणि नंतर अहवाल तयार करायचो. म्हणजे मूळ नोंद अंघोळीबरोबर धुऊन जायची आणि उरायचा तो चार ओळींचा अहवाल. ज्याच्यावर तीस-चाळीस वर्षांची सजा लटकलेली, त्याच्या विरोधातला कागद एवढाच.

टेक्ससच्या कायद्यात हे चालत होते, ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष असेल तर तिला जोड देणारा दुसरा पुरावा लागतो. परवानाधारक पोलीस अधिकाऱ्याच्या साक्षीला तो लागत नाही. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १३४ नेही साक्षीदारांची ठरावीक संख्या मागितलेली नव्हती. एका साक्षीदारावर शिक्षा होऊ शकते. मग सगळा भार त्या साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर येतो. म्हणून कॉलमन कोण होता हे पाहणे भाग आहे.

कॉक्रन काउंटीची उधारी

टॉम कॉलमन हा टेक्सस रेंजर्स या राज्याच्या पोलीस तपास दलातल्या एका नावाजलेल्या अधिकाऱ्याचा मुलगा. पोलीस खात्यात बापाचे नाव चालते, तिकडेही चालले. ट्युलियाला येण्यापूर्वी तो कॉक्रन काउंटीत डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या (काउंटीच्या निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाच्या) हाताखालचा पोलीस होता. १९९६ मध्ये तिथली नोकरी त्याने पाळी अर्धवट टाकून सोडली आणि गावातल्या दुकानदारांची सुमारे सात हजार डॉलरची उधारी मागे ठेवली. शिवाय काउंटीच्या पंपावरून खासगी गाडीत पेट्रोल भरल्याचा आरोप. असा माणूस पोलीस खात्यात असू नये, अशा आशयाचे पत्र तिथल्या शेरीफने राज्याच्या परवाना देणाऱ्या संस्थेला लिहिले. ते पत्र फाइलला लागले. नोकरी देण्यापूर्वी कुणी मागवले असते तर मिळाले असते.

१९९८ च्या सुरुवातीला स्विशर काउंटीचे शेरीफ लॅरी स्टुअर्ट यांनी कॉलमनला नेमले. कागदावर तो काउंटीचा डेप्युटी, काम मात्र अमरिलोहून चालणाऱ्या पॅनहँडल प्रादेशिक अमली पदार्थ पथकाचे. या दुहेरी रचनेत एक सोयीची फट असते. काउंटीला वाटते की चौकशी आणि देखरेख पथकाने करायची, पथकाला वाटते की माणूस शेरीफचा, त्याची हमी शेरीफची. अठरा महिन्यांत त्याच्याबरोबर एखाद्या खरेदीला जाऊन बसावे असे दोघांनाही वाटले नाही.

ऑगस्ट १९९८ मध्ये, म्हणजे कारवाई ऐन भरात असताना, कॉक्रन काउंटीचे वॉरंट स्विशरच्या शेरीफ कार्यालयात येऊन धडकले : चोरी आणि अधिकाराचा गैरवापर. ज्याच्या शब्दावर डझनावारी माणसांना पकडायचे, तोच फरारी आरोपी निघाला. इथे कोणत्याही शहाण्या अधिकाऱ्याने तोवरच्या सगळ्या खरेद्या बाजूला ठेवल्या असत्या. स्टुअर्ट यांनी कायद्याला धरून त्याला रीतसर अटक दाखवली, जामिनावर सोडले, काही दिवस रजा दिली. कॉलमनने पैसे चुकते केले, कॉक्रनने गुन्हा मागे घेतला, आणि तो पुन्हा कामावर रुजू झाला.

पैसे भरल्याचा आणखी एक फायदा झाला, तो खटल्यात दिसला. टेक्ससच्या पुराव्याच्या नियमांनुसार साक्षीदार खोटारडा आहे हे दाखवण्यासाठी त्याच्या जुन्या एकेका कृत्याचा दाखला ज्यूरीपुढे आणता येत नाही; दोषसिद्धी झालेली असेल तरच ती सांगता येते. गुन्हा मागे घेतला गेल्याने दोषसिद्धी नव्हती. त्यामुळे न्यायाधीश एड सेल्फ यांनी सुरुवातीच्या खटल्यांत कॉक्रनची कागदपत्रे ज्यूरीपर्यंत जाऊ दिली नाहीत. ज्यूरीने पाहिला तो स्वच्छ शर्टातला, रेंजरचा मुलगा. खरे तर १९६३ च्या ‘ब्रेडी’ निकालापासून अमेरिकेत एक बंधन स्पष्ट आहे. आरोपीच्या फायद्याची, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला उघडे पाडणारीसुद्धा, माहिती सरकारी वकिलाने आपण होऊन बचावाला द्यायची. जिल्हा सरकारी वकील टेरी मॅकीचर्न यांनी ती वेळेवर आणि पूर्ण दिली नाही.

पैसा कुठून येत होता

लाचेचे पाकीट या प्रकरणात कुठेच दिसत नाही. पोलिसी मालिकांत भ्रष्टाचार म्हणजे हॉटेलातली बॅग असते. ट्युलियात तो अनुदानाच्या अर्जात होता.

१९८८ च्या कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने ‘बर्न’ अनुदान सुरू केले. न्यूयॉर्कमध्ये मारल्या गेलेल्या एका तरुण पोलिसाचे नाव त्याला दिलेले आहे. राज्यांमार्फत हा पैसा स्थानिक अमली पदार्थ पथकांना मिळे : साधारण तीन वाटे केंद्राचे, एक वाटा स्थानिक. पुढच्या वर्षीच्या अर्जात पथकाने आपले काम आकड्यांत दाखवायचे, आणि सर्वांत सोपा आकडा म्हणजे अटका. पाच ग्रॅमवाला किरकोळ विक्रेता आणि पाच किलोवाला पुरवठादार यांची अटक त्या रकान्यात सारखीच मोजली जाते. पुरवठादाराच्या मागे वर्षभर लागावे लागते, किरकोळवाला आठवड्याला दोन मिळतात. शिवाय या पथकांच्या साखळीत वरचा कोण हेच धड ठरलेले नव्हते. शेरीफ काउंटीच्या मतदारांना बांधील, पथकाचा प्रमुख अमरिलोला, पैसा गव्हर्नरच्या कार्यालयातून. अशा रचनेत ४६ अटका करणाऱ्या माणसाला राज्यातला त्या वर्षीचा उत्कृष्ट अधिकारी ठरवले गेले यात नवल नाही. तसा पुरस्कार कॉलमनला खरोखरच मिळाला.

पूर्वग्रहाचे काम याच्या पुढच्या टप्प्यावर सुरू होते. जोडपुरावा नाही हे ज्यूरीला दिसत होतेच. बचावाचे वकील ते ओरडून सांगत होते. पण जिथे पुरावा हवा तिथे ‘ती वस्ती कशी आहे हे आपल्याला ठाऊकच आहे’ हे गावाचे मत येऊन बसले. आपल्याकडे पारध्यांच्या पालावर पडणारा छापा आठवावा : चोरी कुणीही केलेली असो, संशय आधीच ठरलेला असतो आणि तपास त्या संशयाला कागद पुरवायचे काम करतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला तरी ठाण्यातली ती सवय मोडायला फार वेळ लागतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही भटक्या-विमुक्त कार्यकर्त्याला विचारावे.

एक हजार फूट

पहिला खटला डिसेंबर १९९९ मध्ये त्या डुकरे पाळणाऱ्या गृहस्थावर चालला. साक्षीदार मुख्यतः कॉलमनच. आरोपीची जुनी शिक्षा जमेस धरून ज्यूरीने त्याला ९० वर्षे दिली.

एवढ्याशा पुडीला ९० वर्षे कशी, हे समजायला टेक्ससची शिक्षेची शिडी पाहावी लागते. एक ते चार ग्रॅम कोकेन विकणे हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा, शिक्षा दोन ते वीस वर्षे. तीच विक्री शाळा किंवा बागेपासून एक हजार फुटांच्या, म्हणजे सुमारे ३०५ मीटरच्या आत झाली तर गुन्हा एक पायरी वर चढतो आणि शिक्षा पाच ते ९९ वर्षे किंवा जन्मठेप होते. ट्युलियासारख्या गावात शाळा आणि बागा यांच्याभोवती अशी वर्तुळे काढली की गावाचा बराच भाग आत येतो. एक ग्रॅमच्या आतली पुडी असेल तर मुळात जास्तीत जास्त दोन वर्षे. म्हणून पुडी एक ग्रॅमच्या वर असणे आणि जागा शाळेजवळची असणे या दोन गोष्टींना सोन्याचा भाव. विक्री कुठे झाली हे सांगणारा माणूस पुन्हा एकच.

पुढच्या शिक्षा अशा : आधीचा एकही गुन्हा नसलेल्या विशीतल्या तरुणाला २० वर्षे, दोन लेकरांच्या आईला २५. तिच्याबरोबर संसार करणाऱ्या गोऱ्या तरुणाला तर अनेक आरोप मिळून ३०० हून अधिक वर्षे. सगळ्यांत मोठी शिक्षा एका गोऱ्याला झाली याकडे बोट दाखवून ‘मग यात वंशाचा प्रश्न कुठे?’ असा युक्तिवाद गावात होत राहिला. तो तरुण कोणत्या घरात राहत होता एवढे पाहिले तरी उत्तर मिळते.

हे आकडे बाहेर आल्यावर बाकीच्यांनी काय केले असेल? गुन्हा कबूल करून सौदा केला. वीस वर्षांवाल्या त्या तरुणाला आधी पाच वर्षांचा प्रस्ताव आला होता. जे केले नाही ते कबूल करू नकोस, असे वडिलांनी सांगितले, त्याने खटला लढवला आणि चौपट शिक्षा भोगायला गेला. ते पाहून मागच्या रांगेतल्यांनी प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे राहणे), दोन वर्षे, पाच वर्षे, जे मिळेल ते पदरात पाडून घेतले. कबुलीजबाब असल्याने वरकरणी प्रकरण अधिकच भक्कम दिसू लागले. एकूण ३८ जण दोषी ठरले. कबुलीजबाबांच्या ढिगाकडे बघून ‘इतके लोक खोटे कशाला कबूल करतील’ असे म्हणणाऱ्याने हा क्रम तारखा लावून पाहावा. पहिल्या काही ज्यूरींचे निकाल आधी आले, कबुल्यांची रीघ मागाहून लागली.

जिथे कागद दुसऱ्याच्या ताब्यात होता

प्रकरणाला तडे गेले ते नेमके अशा ठिकाणी, जिथे कॉलमनच्या शब्दाशिवाय दुसरी कुणीतरी नोंद ठेवली होती.

एका आरोपीचे वर्णन अहवालात उंच, दाट केसांचा असे होते. प्रत्यक्षात तो बुटका आणि टकला निघाला. गुन्हा मागे घेतला. दुसरा आरोपी खरेदीच्या वेळी कामावर होता. हजेरीचे कार्ड होते आणि मालकाने येऊन साक्ष दिली. तिसरे उदाहरण सर्वांत बोलके. एका स्त्रीने ट्युलियात कोकेन विकल्याची जी तारीख होती, त्याच दिवशी ती सुमारे ४८० किलोमीटर दूर ओक्लाहोमा सिटीत बँकेत व्यवहार करत होती, आणि बँकेकडे तो कागद होता. एप्रिल २००२ मध्ये तिच्यावरचा खटला मागे घ्यावा लागला. बँकेत पाऊल न ठेवणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या, हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाला असा कागद कुठून मिळणार? निर्दोष असणे आणि निर्दोष असल्याची पावती जवळ असणे यांत केवढे अंतर पडते, ते या तीन प्रकरणांच्या शेजारी दोषी ठरलेली ३८ ठेवली की कळते.

गावातल्याच काही गोऱ्यांनी, त्यांत एक तिरसट म्हणून प्रसिद्ध असलेला शेतकरीही होता, कोर्टाच्या नोंदी काढून वाचायला सुरुवात केली. ‘फ्रेंड्स ऑफ जस्टिस’ नावाचा गट उभा राहिला. ऑस्टिनच्या ‘टेक्सस ऑब्झर्व्हर’ने २००० मध्ये सविस्तर वृत्तांत छापला, पुढे ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या स्तंभांतून विषय देशभर गेला. अमरिलोचे वकील जेफ ब्लॅकबर्न यांनी सुरुवातीला जवळपास एकट्याने खिंड लढवली. २००१ मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या नावाने चालणाऱ्या कायदेविषयक निधीत नुकत्याच रुजू झालेल्या वनिता गुप्ता या प्रकरणात उतरल्या. भारतातून स्थलांतरित झालेल्या आईवडिलांची ही मुलगी कायद्याची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडली होती. पुढे ती अमेरिकेच्या न्याय खात्यात नागरी हक्क विभागाची प्रमुख आणि २०२१ ते २०२४ या काळात असोसिएट अटर्नी जनरल होती. वॉशिंग्टनच्या मोठ्या वकील कंपन्यांनी फी न घेता माणसे दिली. ही मदत किती लागली हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे, कारण कोर्टाने नेमून दिलेल्या, तुटपुंज्या फीवरच्या वकिलाला विखुरलेल्या काउंट्यांतली जुनी कागदपत्रे खणून काढणे परवडणारे नव्हते.

मुख्य पेच होता तो शिक्षा झालेल्यांचा. अपिलात वरचे कोर्ट पुरावा नव्याने तोलत नाही. ज्यूरीने साक्षीदारावर विश्वास ठेवला की विषय संपतो. म्हणून बंदीप्रत्यक्षीकरणाचे, म्हणजे कैद बेकायदा आहे असे सांगणारे, अर्ज केले गेले. राज्याच्या सर्वोच्च फौजदारी कोर्टाने चार जणांचे अर्ज खालच्या कोर्टाकडे पाठवले आणि विचारले ते दोनच प्रश्न : शिक्षा केवळ कॉलमनच्या शब्दावर झाल्या का, आणि त्याच्याबद्दलची माहिती सरकारने दडवली का. न्यायाधीश सेल्फ बाजूला झाले. डॅलसचे निवृत्त न्यायाधीश रॉन चॅपमन यांची नेमणूक झाली.

मार्च २००३ मध्ये ट्युलियाच्याच न्यायालयात सुनावणी झाली. एकामागून एक जुने सहकारी आणि अधिकारी येऊन कॉलमनवर विश्वास ठेवता येत नाही असे बोलले. मग कॉलमन स्वतः उभा राहिला. आधीच्या साक्षींशी विसंगत उत्तरे, प्रश्नाला बगल, कृष्णवर्णीयांना उद्देशून सर्वांत हलका शब्द आपण सहज वापरत असल्याची कबुली. सरकारी बाजूने नेमलेले विशेष वकील हे ऐकत बसले होते आणि आपण ज्याची बाजू राखायला आलो तोच साक्षीदार उभा राहू शकत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. पाच दिवसांच्या सुनावणीनंतर १ एप्रिलला दोन्ही बाजूंनी संयुक्त निवेदन दिले : शपथेवरचा साक्षीदार म्हणून कॉलमन विश्वासार्ह नाही, सगळ्या ३८ शिक्षा रद्द व्हाव्यात. २५ वर्षांच्या न्यायदानात इतका लबाड आणि उत्तरे टाळणारा पोलीस साक्षीदार आपण पाहिला नाही, असे चॅपमन यांनी आपल्या निष्कर्षांत नोंदवले.

तरी सुटका लगेच झाली नाही. शिफारस वरच्या कोर्टात पडून राहिली, तोवर माणसे आतच. शेवटी विधिमंडळाने खास कायदा करून जामिनाची वाट मोकळी केली आणि १६ जून २००३ रोजी तोवर तुरुंगात असलेले डझनभर लोक बाहेर आले. २२ ऑगस्टला गव्हर्नर रिक पेरी यांनी ३५ जणांना माफी दिली.

कुणाचे काय झाले

स्विशर काउंटीने अडीच लाख डॉलर वाटून देण्याचे ठरवले. २००४ मध्ये अमरिलो शहराने ५० लाख डॉलर द्यायचे आणि पथक बरखास्त करायचे मान्य केले. बाकीच्या सहभागी काउंट्यांनी व गावांनी आपला वाटा घातला. सरकारी वकील मॅकीचर्न यांच्यावर राज्याच्या बारने (वकिलांच्या नियामक संस्थेने) शिस्तभंगाची कारवाई केली. निलंबन झाले, पण त्याची अंमलबजावणी स्थगित ठेवून, म्हणजे वकिली चालू राहिली.

कायद्यातली दुरुस्ती अभ्यासण्यासारखी आहे. २००१ मध्ये टेक्ससने नियम केला की अमली पदार्थांच्या गुन्ह्यात खबऱ्याच्या साक्षीला जोडपुरावा असल्याशिवाय शिक्षा होणार नाही. मात्र ‘परवानाधारक पोलीस अधिकारी नसलेला’ असा माणूस, एवढ्यापुरताच तो लागू आहे. कॉलमन परवानाधारक होता. ट्युलियाच्या गदारोळात झालेला हा नियम १९९८ मध्ये असता, तरी ट्युलियाच्या एकाही आरोपीला त्याचा उपयोग झाला नसता.

कॉलमनवर खोट्या साक्षीचे दोन आरोप ठेवले गेले, दोन्ही २००३ च्या सुनावणीतल्या उत्तरांवरून. काउंटीच्या पंपावरून पेट्रोल घेतले नाही, या विधानाबद्दल तो सुटला. कॉक्रनमधल्या गुन्ह्याची माहिती आपल्याला ऑगस्ट १९९८ पर्यंत नव्हती, हे विधान खोटे ठरले, कारण त्याआधीच मे महिन्यात त्याने त्या प्रकरणातल्या कागदावर सही केलेली होती. जानेवारी २००५ मध्ये लबकच्या ज्यूरीने त्याला दोषी धरले. शिक्षा दहा वर्षांची प्रोबेशन, तुरुंग नाही. पायावर लिहिलेल्या त्या शंभर खरेद्यांपैकी एकीबद्दलही त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही.